आधी पिस्टन आणा, मग बोअर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींचे प्रदर्शन बडोद्याला नवे नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरलेल्या ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ सोहळ्याच्या आठवणी इथली मंडळी अजून काढतात, आणि अशा गाड्यांची छायाचित्रे छापून आली की ती पुरवणी आमच्या घरीही दोन-दोन दिवस टेबलावरून हलत नाही. या कौतुकात एक गोष्ट मात्र मला खटकत आली आहे. गाडीचा रंग, गाद्यांचे चामडे, चकचकीत दिवे, मालकाचे घराणे यांविषयी भरभरून लिहिले जाते. बॉनेटखालचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे इंजिन आज चालते ते कोणाच्या हातामुळे, हे सहसा कोणी विचारत नाही. झिजलेल्या इंजिनाचा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचे भोक), क्रँक (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि बेअरिंगे (तो दांडा ज्यांत फिरतो त्या पाळ्या) पुन्हा मापात आणणाऱ्या त्या वृद्ध लेथ-मिस्त्रींविषयी हे पत्र आहे.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. मायक्रोमीटर हातात धरण्यातच आयुष्य गेले, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत मला सहसा कोणी सहज फसवू शकत नाही, असा माझा समज होता. वडिलांनी ठेवलेली १९६७ सालची फियाट अकराशे निळा धूर सोडू लागली आणि लिटर-लिटर तेल पिऊ लागली, तेव्हा मी ती एका चांगल्या नावाच्या गॅरेजात दिली. तिथे इंजिन उतरवले, बोअर केला, म्हणजे झिजलेले भोक थोडे मोठे कापून गोल केले, पिस्टन आणि त्यांभोवतीच्या रिंगा नव्या घातल्या आणि बिलही व्यवस्थित दिले. चार हजार किलोमीटर होतात न होतात तोच धूर परत सुरू झाला.

नंतर कोणीतरी पाणीगेटच्या बाजूच्या एका गल्लीतील मिस्त्रींकडे पाठवले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मधे आणि खाली, तेही दोन दिशांनी, डायल गेज (भोकाचे माप दाखवणारे उपकरण) फिरवून आकडे खडूने ब्लॉकवरच, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावरच, लिहिले. पिस्टन आणि भिंत यांच्यात माझ्या इंजिनाला दोन थाऊच्या आसपास फट हवी होती. दोन सिलिंडरांत ती पाच थाऊ निघाली. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. बडोद्याच्या लेथवर मिलिमीटरची पट्टी कधीच आली, पण जुने मिस्त्री अजून थाऊतच बोलतात.) आधीच्या कारागिराने पिस्टनच्या डबीवरचा आकडा वाचून बोअर केला होता, पिस्टन प्रत्यक्ष मोजलेच नव्हते. काकांचे पहिले वाक्य असे होते : “साहेब, पहेलां पिस्टन लावो, पछी बोर.” आधी पिस्टन आणा, मग बोअर. प्रत्येक पिस्टन मोजून, त्याला नंबर देऊन, त्या त्या सिलिंडरला त्याच्याच मापाचा बोअर करायचा, हा त्यांचा नियम. कारखान्यात मी तीस वर्षे नेमका हाच नियम इतरांना शिकवत होतो आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र विसरलो होतो.

त्यांच्या दुकानात बसून जे पाहिले ते इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘लेथवर इंजिन करून आणले’ या चार शब्दांत हे काम किती दडपले जाते याची वाचकांना कल्पना यावी. सिलिंडरची भिंत सर्वांत जास्त झिजते ती वरच्या टोकाशी, जिथे रिंग क्षणभर थांबून उलटी फिरते आणि तेल सर्वांत कमी पोचते. खालचा भाग जवळजवळ मूळचाच राहतो, म्हणून बोअरिंगचे यंत्र बसवताना केंद्र खालून धरावे लागते. वरून धरले तर भोक गोल होते खरे, पण मूळ केंद्रावर राहत नाही. शेवटचा थोडासा धातू होनिंगच्या, म्हणजे भिंत घासून शेवटचे माप आणणाऱ्या, दगडांसाठी राखून ठेवायचा आणि भिंतीवर आडव्यातिडव्या बारीक रेघांची जाळी उठवायची, म्हणजे तिच्यात तेल टिकते. आरशासारखी गुळगुळीत भिंत बघणाऱ्याला छान वाटते, पण तीवर रिंगा बसत नाहीत. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत (मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या पिस्टनच्या मापापर्यंत) गेलेला असेल तर त्यात दाबून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवायची आणि इंजिन पुन्हा मूळ मापावर आणायचे.

क्रँकचे काम याहून नाजूक. जर्नल (क्रँकचा बेअरिंगात फिरणारा गुळगुळीत भाग) जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तिथे एक बारीक गोलाई असते, आणि ग्राइंडिंगच्या दगडाचा कोपरा तीक्ष्ण राहून ती गोलाई गेली तर क्रँक पुढे कधीतरी नेमका तिथूनच तुटतो. मुख्य बेअरिंगांच्या कॅपा (त्यांना धरून ठेवणारी अर्धगोल झाकणे) ब्लॉकबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही; काकांकडे आलेल्या एका ॲम्बॅसडरच्या ब्लॉकवर कोणीतरी दुसऱ्याच इंजिनाची कॅप चढवली होती आणि तीन बेअरिंगांच्या त्या क्रँकला हाताने फिरवता येत नव्हते. भेगा गेलेले ब्लॉक तर दर उन्हाळ्यात येतात. मे महिन्यात रेडिएटर उकळला की लोक बाटलीतले गार पाणी ओततात आणि बिडाचा ब्लॉक तडकतो.

सर्वांत दुर्मीळ झाले आहे ते व्हाइट मेटल ओतण्याचे काम. आज बेअरिंगच्या तयार पाळ्या बाजारात मिळतात. परंतु १९३०च्या आसपासच्या बहुतेक गाड्यांत कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू, ज्याला त्याच्या अमेरिकन जनकावरून बॅबिट असेही म्हणतात, थेट ब्लॉकमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यात) ओतलेला असे. आधी बेअरिंगच्या जागेला कथलाचा हात द्यायचा, ती जागा आणि मधला साचा दोन्ही तापवायचे आणि धातू एका दमात ओतायचा. मधे हात थांबला की थर सुटतो. धातू किती तापला हे काका सुक्या लाकडाची काडी बुडवून, ती किती लवकर काळी पडते यावरून ठरवतात. निवल्यावर पाळीवर टिचकी मारायची : खणखणीत आवाज आला तर धातू धरला, बद्द आवाज आला तर पुन्हा वितळवा. मग निळा रंग लावून, क्रँक फिरवून, जिथे जिथे डाग उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडत राहायचे. एका बेअरिंगला अख्खा दिवस जातो. टिचकीचा तो आवाज कुठल्या पुस्तकात लिहून ठेवता येईल असे मला वाटत नाही.

हे काम कमी होत चालले त्याचा दोष कोणा एकाला देता येणार नाही. नव्या गाड्यांचे बरेचसे भाग दुरुस्तीसाठी बनवलेलेच नसतात. पूर्वी कनेक्टिंग रॉडची कॅप घासून पुन्हा गोल बोअर करता येई; आता अनेक इंजिनांत ती कॅप मुद्दाम तोडून वेगळी केलेली असते आणि ते दोन खरखरीत तुकडे एकमेकांतच बसतात, तिथे घासायला जागाच उरत नाही. ॲम्बॅसडरचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ मध्ये थांबले, पद्मिनी त्याच्याही बरीच आधी गेली. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच गांधीनगरच्या मेळाव्यातून जाहीर झाले, आणि धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी वाहने रस्त्यावरून जावीत याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. माझी फियाटही रोजच्या वापराची नाही.

पण त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, तिची अट वाचकांनी लक्षात घ्यावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षे चालते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही जुनी गाडी जपायची तर तिचे मूळ इंजिनच जपले पाहिजे. जपानी किंवा कोरियन इंजिन घालून मोकळे होता येत नाही. मग ते मूळ इंजिन दर पंधरा-वीस वर्षांनी मापात आणून देणारा माणूस कुठून यायचा?

सरकारी यंत्रणेत त्याला जागाच सापडत नाही. आयटीआयमध्ये टर्नर आहे, मशिनिस्ट आहे, मोटार मेकॅनिक आहे. टर्नरला लेथ येतो, पण त्याने क्रँक उघडून पाहिलेला नसतो. मेकॅनिक इंजिन खोलतो आणि ब्लॉक बाहेर पाठवून देतो. इंजिन बांधण्याची कला या दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या फटीत पडते. शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये मुलगा ठेवायचा तर आस्थापनेत निदान चार माणसे कामाला हवीत. काका आणि त्यांचा एक म्हातारा मदतनीस मिळून दोनच होतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडी-अवजारे करणारा आहे. लेथवरचा माणूस नाही. अठरा अलुतेदारांत त्याला जागा नव्हती हे समजू शकते, तेव्हा लेथच नव्हता. २०२३ मध्ये तरी त्याची आठवण व्हायला हरकत नव्हती.

बडोद्यात हे लिहावे लागते याचे मला विशेष वाईट वाटते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तिथे शिकले म्हणून आपण मराठी माणसे कलाभवनाला चित्रांशी आणि छायाचित्रणाशी जोडतो, परंतु त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता तो कारागिराला त्याच्या भाषेत तंत्र शिकवण्याचा, आणि यंत्रकाम हा तिथला महत्त्वाचा भाग होता. तेच कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून उभे आहे. तिथल्या कार्यशाळेत आठवड्यातून एक दिवस अशा मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे, विद्यार्थ्यांनी एक जुने इंजिन त्यांच्या हाताखाली पूर्ण बांधावे आणि त्यांच्या कामाचे तपशीलवार चित्रीकरण करून ठेवावे, अशी माझी सूचना आहे. आणि प्रदर्शने भरवणाऱ्यांनी गाडीच्या फलकावर मालकाच्या नावाखाली इंजिन बांधणाऱ्याचे नावही लिहावे. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही.

काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, तो परत येणार नाही आणि त्याने यावे असे त्यांनाही वाटत नाही. गेल्या महिन्यात एक भंगारवाला त्यांच्या बोअरिंग मशीनचे वजन विचारून गेला. काकांनी त्याला नाही सांगितले, पण दिवाळीनंतर दुकान बंद करायचे त्यांच्या मनात आहे. दोन मुले वर्षभर शिकायला पाठवण्याची हमी कोणती शाळा, आयटीआय किंवा संस्था देत असेल तर मशीन, होनिंगचा संच आणि सारी गेजे तिला विनामूल्य देण्याची त्यांची तयारी आहे. त्यांचा पत्ता मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र पाकिटात पाठवला आहे. कोणी विचारणा केली तर कृपया कळवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस,
दांडिया बाजार, बडोदे