सिंगापूरचे बिल आणि लक्ष्मीनगरचे काका

नागपूर

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात ह्यांच्या खात्यात आरोग्य विम्याच्या क्लेमची रक्कम जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा आम्ही दोघे हातातले काम टाकून लक्ष्मीनगरला आपल्या घरी आलो होतो. आपण संत्रा बर्फीचा डबा कसाबसा ठेवून घेतलात, पण आभाराचा विषय काढताच तो चहावर आणि चहावरून उन्हावर नेलात. तोंडी राहून गेले ते आता लिहून काढते आहे. ते सर्वांना वाचता यावे असेही वाटते, कारण आमच्या वसाहतीत दर दुसऱ्या घरातले मूल परदेशात आहे आणि आमच्या वयाची माणसे वर्षाआड पासपोर्टची मुदत तपासू लागली आहेत.

मुलाकडे तीन आठवडे सिंगापूरला जाण्याचे ठरले, तेव्हा वेगळा प्रवास विमा घेण्यास हे तयार नव्हते. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण दाखवावेच लागते. सिंगापूरच्या व्हिसासाठी आम्हाला तसे काही मागितले गेले नाही, आणि घरचा मेडिक्लेम तर वर्षानुवर्षे भरतोच आहोत, असा ह्यांचा हिशेब होता. विमा कंपनीतून निवृत्त झालेले आपण, पण त्या वेळी वाद घातला नाहीत. पॉलिसीची पुस्तिका मागवलीत, स्टीलची फूटपट्टी एकेका ओळीखाली धरून ती वाचत गेलात आणि पाऊण तासाने एका कलमाशी थांबून तांबड्या पेन्सिलीने समासात रेघ ओढलीत. देशातल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींची हद्द भारताच्या सीमेपाशी संपते, पण आमची २०२२ साली पोर्ट केलेली, म्हणजे जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे नेलेली पॉलिसी वरच्या श्रेणीची असल्यामुळे तीत परदेशातील आपत्कालीन उपचारांचे कलम होते, हे आम्हाला तोवर ठाऊकही नव्हते. पुस्तिका इतकी जाड, की आम्ही ती कपाटात घड्या घातलेल्या साड्यांखाली ठेवली होती.

कलम सापडल्याचा आमचा आनंद आपण फार वेळ टिकू दिला नाहीत. अचानक उद्भवलेला आजार असला पाहिजे, रुग्णालयात किमान २४ तास दाखल व्हावे लागेल, बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे मिळणार नाहीत, ठरलेल्या मुदतीत कळवावे लागेल आणि सर्व खर्च आधी आपल्या खिशातून करून नंतर रुपयांत परत मागावा लागेल, अशा अटी आपण एकामागून एक वाचून दाखवल्यात. ‘हा विमा तुमच्याबरोबर येईल, पण काउंटरवर तुमच्याऐवजी उभा राहणार नाही,’ हे आपले वाक्य मला तेव्हा जरा कठोर वाटले होते. स्वतंत्र प्रवास विमाही आपण घ्यायला लावलात, आणि त्याचा अर्ज भरताना ह्यांच्या पित्ताशयात २०२१ च्या सोनोग्राफीत दिसलेले खडे लिहायला लावलेत. खडे दिसले, पण कधी दुखले नाहीत, मग कशाला लिहायचे, असे हे पुटपुटले होते. पोर्ट करतानाही आपण तेच करायला लावले होते, याची आपण आठवण करून दिलीत.

सिंगापूरला पोहोचल्यानंतर नवव्या दिवशी रात्री जेवणानंतर ह्यांच्या पोटात उजवीकडे बरगडीखाली कळ आली, ती खांद्यापर्यंत गेली, आणि पहाटेपर्यंत उलट्या व थंडी वाजून ताप. मुलाने रुग्णालयात नेले. पित्ताशयाला तीव्र सूज आली असून शस्त्रक्रिया लांबवणे धोक्याचे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. परदेशी रुग्ण म्हणून आधी ठेव रक्कम भरावी लागली. ती मुलाच्या कार्डावरून भरली. प्रवास विम्याच्या मदत केंद्राने विनम्रपणे कळवले की खडे आधीपासूनचे असल्याने हा उपचार त्यांच्या पॉलिसीत बसत नाही. राग आला, पण ओळ तिथे छापलेली होती आणि ती आपण आम्हाला आधीच दाखवली होती.

त्यानंतर मी आपल्याला फोन केला. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता, म्हणजे नागपुरात अकरा. आपण दुसऱ्या घंटेला उचललात. मी रडत होते आणि आपण आधी मला एक पेला पाणी प्यायला लावलेत. मग सांगितलेत की नव्या प्रवास विम्यासाठी जो आजार जुना ठरतो, तोच घरच्या मेडिक्लेमसाठी जुना राहत नाही, कारण आमची मूळ पॉलिसी २०१४ पासून अखंड चालू होती, पित्ताशयाच्या खड्यांसाठी असलेला दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) केव्हाच संपला होता आणि पोर्ट करताना त्या वर्षांचे श्रेय नव्या कंपनीकडे आले होते. एवढी एक गोष्ट समजल्यावर माझे हातपाय जागेवर आले. आजवर मेडिक्लेमचा हप्ता भरताना पैसे वाया जात आहेत असे मला दर वर्षी वाटे, हे इथे कबूल करते.

मेडिक्लेमच्या कंपनीला कळवायला गेले, तर तिच्या मदत क्रमांकावरील मुलीने ‘तुमची पॉलिसी फक्त भारतातच चालते’ असे ठामपणे सांगून टाकले. तिचा दोष नसावा. तिच्यासमोरच्या पडद्यावर तेवढेच असेल. तांबडी रेघ ओढलेल्या पानाचा फोटो मी निघण्याआधी आपल्याच सांगण्यावरून मोबाइलमध्ये ठेवला होता. आपण रात्रीच ईमेलचा मजकूर सांगितलात, मी कलमाचा क्रमांक घालून तो फोटोसकट पाठवला, आणि सकाळी क्लेमचा नोंदणी क्रमांक आला. शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली, चौथ्या दिवशी ह्यांना घरी सोडले.

डॉक्टरांकडून दोन वाक्ये कागदावर घ्या, हा आपला आग्रह मात्र मला त्या धावपळीत अनाठायी वाटला होता: शस्त्रक्रिया तातडीची होती, आणि त्या अवस्थेत रुग्ण विमानप्रवास करू शकत नव्हता. दोन महिन्यांनी कंपनीचे पहिले शंकापत्र आले, त्यात पहिलाच प्रश्न हा की उपचार भारतात परतेपर्यंत थांबवता आले नसते का. उत्तर आमच्या फाइलमध्ये डॉक्टरांच्या सहीनिशी तयार होते. दुसरा प्रश्न अधिक गमतीचा. पासपोर्टवर सिंगापूरच्या प्रवेशाचा शिक्का दाखवा, असे त्यांनी लिहिले, आणि सिंगापूरने तर शिक्के मारणे कधीच बंद केले आहे. तिथे प्रवेशाचा परवाना ईमेलने येतो. आपण तो ईमेल, मुंबईच्या इमिग्रेशनचे शिक्के आणि बोर्डिंग पास यांची एकत्र प्रत काढायला लावलीत. बोर्डिंग पास माझ्या पर्समध्ये बडीशेपेच्या पुडीबरोबर चुरगळलेले सापडले, ते मी इस्त्रीने सपाट केले. पैसे मुलाच्या कार्डावरून गेले होते म्हणून त्याचे स्वाक्षरी केलेले पत्र आणि कार्डाचे विवरणही जोडावे लागले.

सगळे पैसे मिळाले असे नाही. पहिल्या रात्रीची बाह्यरुग्ण तपासणी, काही किरकोळ वस्तू आणि बदललेल्या परतीच्या तिकिटाचा भुर्दंड आमचाच राहिला. पण शस्त्रक्रिया व रुग्णालयातील वास्तव्याचा खर्च, म्हणजे बिलाचा मोठा भाग, परत आला आणि मुलाच्या कार्डावरचे ओझे उतरले. आपण विमा कंपनीतून निवृत्त होऊनही आमच्यासाठी चार वेळा कागद तपासलेत, एकदा तर भर दुपारच्या उन्हात सीताबर्डीला झेरॉक्स काढायला स्वतः गेलात, आणि या कशाचाही एक पैसा घेतला नाहीत. हे आम्ही दोघे विसरणार नाही.

एक काम अजून शिल्लक आहे. परतल्यावर धंतोलीत ह्यांची जी पुढची तपासणी व औषधे झाली, ती बिले शस्त्रक्रियेनंतरच्या ६० दिवसांच्या आतली आहेत. मूळ उपचार परदेशात झालेला असताना ती या क्लेमला जोडता येतील का, याची ओळ मी फूटपट्टी लावून शोधते आहे. सापडली असे वाटते, पण आपण पाहिल्याशिवाय पाठवणार नाही. रविवारी सकाळी फाइल घेऊन येते.

आपली नम्र,
वसाहतीतली एक शेजारीण