चित्राखालचे नाव झाका

महोदय,

राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला आणि २०२०-२१ पासून पहिली व सहावीच्या वर्गांपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. शाळा मराठी शिकवतात की नाही, याची चर्चा आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. परंतु ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्या मुलांना कानाने किती मराठी कळते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी नेरूळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. फळ्यावरचे उतरवून घेणे आणि प्रश्नोत्तरे पाठ करणे एवढ्यावर परीक्षा निभावते. त्यामुळे निबंधात चांगले गुण मिळवणारा सहावीतला मुलगाही आपल्या स्टेशनचे नाव ‘नेरुल’ असेच सांगतो.

ऐकण्याचा सराव चित्रांच्या आधारे उत्तम होतो, असा माझा अनुभव आहे. मात्र चित्राने उत्तर फोडता कामा नये. बाजारातल्या तक्त्यांवर प्रत्येक चित्राखाली नाव छापलेले असते, पुष्कळदा इंग्रजीतही. मूल ते वाचून मोकळे होते आणि कानाला कामच उरत नाही. शिवाय हत्ती, केळे, छत्री अशी चित्रे शेजारी असली, की अर्धा शब्द ऐकूनही उत्तर बरोबर येते. म्हणून मी एका कागदावर जोड्या काढते: चूल आणि चूळ भरणारा मुलगा, कुंपणावरची वेल आणि वेळ दाखवणारे घड्याळ, गुबगुबीत गाल आणि गटारातून उपसलेला गाळ. नावे कुठेच नाहीत. मी शब्द उच्चारायचा आणि मुलांनी योग्य चित्रावर चिंचोका ठेवायचा. लिहायचे नसल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती नसते आणि बाकांवरून एकदा नजर फिरवली, की कोणाला काय ऐकू आले ते मला लगेच कळते. (मल्याळी आणि तमिळ मुले या खेळात हिंदीभाषक मुलांना सहज मागे टाकतात, कारण ‘ळ’ त्यांच्या घरचाच, त्या दिवशी त्यांचा रुबाब पाहण्यासारखा असतो.)

खरी कसोटी वाक्यांची असते. ‘माकड फांदीवर उडी मारते’ आणि ‘माकड फांदीवरून उडी मारते’ यांतले सगळे शब्द वर्गाच्या ओळखीचे होते, तरी पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक चिंचोके चुकीच्या चौकटीत पडले. ‘मुलाने कुत्र्याला ओढले’ हे सर्वांना जमले. तेच ‘कुत्र्याला मुलाने ओढले’ असे म्हणताच अनेकांनी कुत्रा मुलाला ओढत असलेले चित्र निवडले. विभक्तीचे प्रत्यय याच मुलांना तोंडपाठ होते. शब्दांचा क्रम बदलला तरी ‘ने’ आणि ‘ला’ यांकडे लक्ष ठेवायचे असते, हे त्यांच्या कानाला मात्र कधी कोणी शिकवले नव्हते आणि लेखी उत्तरपत्रिकेत ही उणीव मला दिसलीही नसती. पुढे मी शाळेतल्या साताऱ्याकडच्या मावशींना तीच वाक्ये म्हणायला बोलावले, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘‘टीचर, ही दुसरी मराठी आहे का?’’ मुले मराठीला नव्हे, माझ्या आवाजाला सरावली होती.

चित्रवर्णनाचा प्रश्न परीक्षेत असतो, पण त्यात मूल लिहिते किंवा बोलते, ऐकत नाही. माझी विनंती अशी, की ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशा मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक पाठासोबत जवळजवळ सारख्या, बिननावाच्या चित्रांचे एक पान द्यावे. पुस्तकांत क्यूआर कोड असतातच. त्यांवर ही वाक्ये विदर्भ, कोकण, मराठवाडा अशा निरनिराळ्या भागांतल्या माणसांच्या आवाजात ऐकता यावीत. घटक चाचणीत या सरावाला पाच गुण ठेवले, तर शाळाही त्यासाठी तास काढतील. चित्रकला येत नाही ही सबब शिक्षकांनी सांगू नये. माझे माकड मुलांना अजूनही मांजर वाटते, आणि तरीही ‘फांदीवरून’ ऐकले की आता चिंचोका योग्य चौकटीत पडतो.

आपली,
एक मराठी शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई