रंगापायी सापाचा तोल घालवू नका

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाळीव सापांच्या छंदावर आपल्या पुरवणीत आलेले पान मी दोनदा वाचले. छायाचित्रे सुरेख होती. त्यात सोनेरी अंगावर काळ्या बारीक रेघांचे जाळे असलेला, बॉल पायथन जातीचा एक अजगर होता. या रंगप्रकाराला स्पायडर म्हणतात. त्या छायाचित्राखाली ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ असे छापले होते. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. मी चौदा वर्षे साप पाळते आहे, त्यातली सहा वर्षे पैदासही केली. स्पायडर माझ्या घरात आहेत, एक नाही, चार आहेत. त्यांना रोज पाहणाऱ्या माणसाने गप्प बसणे बरे नव्हे, म्हणून लिहीत आहे.

माझी पहिली सापीण साध्या रंगाची, तपकिरी-काळी. डोळ्यावरून मानेकडे जाणारा काळा पट्टा पाहून तिचे नाव काजळ ठेवले. पिंजऱ्यातल्या जोडीपासून जन्मलेली ती आली तेव्हा सत्तर ग्रॅमची होती, आज अठराशे ग्रॅमची आहे. बॉल पायथन घाबरला की अंगाचा गोळा करतो आणि डोके मधोमध दडवतो, त्यावरूनच त्याला ते नाव पडले. काजळ पहिले कित्येक आठवडे गोळा होऊनच राहायची. मग एका रात्री मी हात स्थिर धरून बसले असताना तिने डोके बाहेर काढले, जीभ लपलपवत माझ्या मनगटाचा वास घेतला आणि सावकाश बाहीत शिरली. त्या रात्रीपासून मी या प्राण्याची झाले.

तिने मला धीर शिकवला. एका टोकाला ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६, दोन्हीकडे लपायला जागा आणि हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावायची नाही, हे सगळे तिच्यापायी अंगवळणी पडले. एका हिवाळ्यात तिने पाच महिने काही खाल्ले नाही. मी हवालदिल झाले होते. पशुवैद्यांनी वजन केले, घट नाममात्र होती. ‘ही जात अशीच, वाट पाहा,’ म्हणाले. वसंतात तिने आपण होऊन खायला सुरुवात केली.

आता रंगांविषयी. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या सापाची पांढरी-पिवळी अल्बिनो पिल्ले बंदिवासात पहिल्यांदा झाली १९९२ साली. तेव्हापासून रंग आणि नक्षी बदलणारी जनुके शोधून, एकमेकांत मिसळून नवे मॉर्फ, म्हणजे रंगप्रकार, काढण्याची ओढ लागली. आज अशा मिश्रणांची संख्या हजारोंच्या घरात आहे. स्पायडर १९९९ मध्ये पैदास झाला. त्याच्या जनुकाची एकच प्रत पुरते, म्हणजे आईबापांपैकी एक जरी स्पायडर असला तरी साधारण निम्मी पिल्ले स्पायडर निघतात. पैदास करणाऱ्याला याहून सोपे काय हवे? मलाही तेच सोपे वाटले होते.

मी एक स्पायडर नर आणला. देणारा माणूस जुना, अनुभवी. तो म्हणाला, ‘खाताना जरा मान हलते. सगळ्याच स्पायडरची हलते. काळजी करू नका.’ मी विश्वास ठेवला, कारण मला तो साप हवा होता. हे कबूल केलेच पाहिजे. नराची मान खरोखरच जराशी हलायची, तीही उंदराचा वास आल्यावरच. एरवी कोणाच्या लक्षातही आले नसते. भरल्या अंगाच्या काजळशी त्याची जोडी लावली.

काजळने खाणे सोडले, मग कात टाकली, आणि कात टाकल्यापासून बरोबर महिन्याने एका पहाटे सात अंडी घातली. अंडी एकमेकांना चिकटलेली आणि त्यांच्यावर तिची घट्ट वेटोळी. ती वेटोळी हाताने सोडवताना मला फार वाईट वाटले. प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने खूण केली. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे फिरवून चालत नाही. आतला गर्भ वरच्या बाजूला धरलेला असतो, अंडे उलटले तर तो दगावू शकतो. उबवणीच्या पेटीत साडेएकतीस अंश ठेवले. अंधारात अंड्याला टॉर्च लावली की कवचाच्या आत लाल शिरांचे जाळे दिसे. एका अंड्यात ते कधीच दिसले नाही, ते वाया गेले. बाकीच्या सहांत ते आठवड्या-आठवड्याला दाट होत गेले. मी रोज रात्री झाकण उघडून पाहत असे.

सत्तावन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्यावर चीर दिसली. पिल्लाच्या नाकाच्या टोकाला कवच फाडण्यापुरता एक बारीक दात असतो, त्याची ती चीर. चिरेतून नाक बाहेर आले, एक बुडबुडा फुटला, आणि पिल्लू तसेच थबकले. पोटातला बलक शोषून होईपर्यंत ते दिवस-दीड दिवस असेच डोके बाहेर काढून बसते. दुसरे अंडे संध्याकाळी फाटले. त्यातून सोनेरी डोके बाहेर आले, आणि ते उलटे होते. हनुवटी छताकडे, टाळू कवचावर टेकलेला. मला वाटले, निघताना अडकले असेल, सरळ होईल. ते सरळ व्हायला बघत होतेच. डोके अर्धे वळायचे, थरथरायचे, आणि कोणी स्क्रू पिळावा तसे पुन्हा उलटे व्हायचे. मी पेटीपाशी रात्रभर बसले. जगात येऊन त्याला अजून एक दिवसही झाला नव्हता.

सहा पिल्ले जगली. तीन साधी, तीन स्पायडर. उलट्या डोक्याची ती मादी, तिचे नाव सोनी. पहिली कात टाकल्यावर तिला पहिला घास दिला, गोठवलेले उंदराचे पिल्लू कोमट पाण्यात गरम करून, चिमट्यात धरून. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, काळोखातही त्याचा नेम चुकत नाही. सोनीने झडप घातली ती तीन बोटे डावीकडे. दुसऱ्यांदा स्वतःच्याच वेटोळ्यावर. तिसऱ्यांदा तोल जाऊन पाठीवर पडली आणि मान पिळत राहिली. मी घास तिच्या तोंडाशी अगदी टेकवून धरला, तेव्हा चाळीस मिनिटांनी तिला तो मिळाला. आज पाच वर्षे झाली, आमचा हाच क्रम आहे.

नर देणाऱ्या त्या माणसाला मी फोन केला. ‘तापमान तपासा, सापाला ताण असेल,’ असे उत्तर आले. तापमान तपासलेलेच होते. त्याच खोलीत, त्याच तापमानात तिची साधी भावंडे सरळ मानेने खात होती. ताणाने थरथर वाढते हे खरे, पण ताणाने ती सुरू होत नाही. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी स्पायडर सापांच्या डोक्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून संशोधन प्रसिद्ध केले. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या ज्या नलिका आणि पिशवी असते, त्यांचीच घडण या सापांत बिघडलेली आढळली. म्हणजे आपण वर कोणते, खाली कोणते, हे सांगणारा अवयवच नीट नाही. ज्या प्राण्याला हात नाहीत, पाय नाहीत, कशाला धरून उभे राहायचे म्हटले तर फक्त स्वतःचे अंग आहे, त्याच्याकडून आपण तेवढेही काढून घेतले, कशासाठी, तर पाठीवरच्या नक्षीसाठी.

छंदातली बरीच मंडळी म्हणतात, ‘स्पायडर खातात, वाढतात, अंडीही घालतात. मग त्रास कुठे आहे?’ मला हे पटत नाही. साप ओरडत नाही, कण्हत नाही, त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटत नाही. भूक लागली की तो खाणारच. सोनीचे वजन अकराशे ग्रॅम आहे. नुसती वजनाची वही पाहणाऱ्याला ती ठणठणीत वाटेल. दुसरे म्हणतात, ‘थरथर कमी असलेलीच जोडी निवडा.’ सोनीच्या बापाची मान जराशीच हलते. तिची दोन भावंडे त्याच्यावर गेली, ती नाही गेली. अंडे फुटेपर्यंत कोणाच्या वाट्याला काय येणार, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता आणि आजही नाही.

ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटी या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये आपल्या प्रदर्शनांत स्पायडरच्या विक्रीला मनाई केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. शिवाय गोष्ट एका स्पायडरची नाही. बॉल पायथनमधल्या शॅम्पेन या प्रकारातही मानेची अशीच तक्रार दिसते. डेझर्ट नावाच्या मॉर्फमधल्या माद्यांना धड अंडीच होत नाहीत. कॉर्न स्नेक या दुसऱ्या सापात ‘स्टारगेझर’ हा दोष आहे, पिल्लू आकाशाकडे तोंड करून मागे कलंडते. लेपर्ड गेको या पालीच्या लेमन फ्रॉस्ट रंगाबरोबर गाठी येतात, ते तर जनुकापर्यंत सिद्ध झाले आहे. दरवेळी क्रम तोच असतो. आधी रंग दिसतो, सगळे त्यावर तुटून पडतात, आणि दोष उघड बोलायला वर्षे जातात.

माझ्या पत्राचा अर्थ ‘साप पाळणे बंद करा’ असा कोणी काढू नये, ही विनंती. कायद्याने मुभा असलेला, पिंजऱ्यात जन्मलेला साप नीट सांभाळणे हा चांगला छंद आहे. घाना, टोगो, बेनिन या देशांतून आजही जंगलातली अंडी आणि गाभण माद्या गोळा करून पिल्ले परदेशी पाठवली जातात. घरी जन्मलेल्या निरोगी पिल्लामुळे तो भार थोडा जरी हलका झाला तरी मला समाधान आहे. पण गंमत नव्हे, खंत अशी की सोनीच्या तिन्ही साध्या भावंडांना घर मिळायला दीड वर्ष लागले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘रंगीत आहे का?’ तपकिरी अंगावरच्या काळ्या नक्षीत एकही ठिपका दुसऱ्यासारखा नसतो, उजेडात त्यावर इंद्रधनुष्याची झाक येते. हे दाखवायला मी प्रत्येकाला पिल्लू हातात देत असे. तिघांनी पाहिले, तिघांनी नेले. तिन्ही पिल्लांची मान सरळ आहे.

तीन स्पायडर पिल्ले मी कोणाला दिली नाहीत. देणे सोपे होते, मागणारे रोज होते. पण त्यांच्यापासून पुढची पिढी निघणारच नाही, याची खात्री दुसऱ्याच्या घरी मला कोण देणार? बाप आणि ती तीन, चौघेही आता माझ्याकडेच राहतील. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुई प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा तिचे वय बासष्टच्या आसपास धरले जात होते. मी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची आहे. सोनी माझ्यामागे राहील हे धरूनच मी चालते. पुतणीशी बोलून ठेवले आहे. ती दर रविवारी येऊन चिमटा कसा धरायचा ते शिकते आहे.

ज्यांच्याकडे स्पायडर आधीच आहे त्यांनी घाबरून त्याला टाकू नये. पेटीत उंच फांद्या ठेवू नका, पडला तर त्याला सावरता येत नाही. घास चिमट्याने अगदी तोंडाशी न्या, जिवंत उंदीर तर मुळीच सोडू नका, कारण नेम चुकलेल्या सापाला उंदीर कुरतडतो. पेटी शांत जागी ठेवा, उगाच हाताळू नका. खाणेच जमेनासे झाले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. आणि जोडी लावू नका.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ या ओळीची दुरुस्ती छापावी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर. स्पायडरची मान का हलते हे दोन ओळींत लिहावे. छायाचित्र हवे असेल तर मी सोनीचे पाठवीन, घास घेतानाचे. आणि जागा उरली तर शेजारी काजळचेही छापा.

आपली,
एक सर्पपालक वाचक