रिम बदलल्यावर अलाइनमेंट सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मोठे रिम टाकलेत ना, मग अलाइनमेंट करून घ्या, टायर टिकतील’ हा सल्ला वाहनविषयक सदरांत छापून येतो आणि टायरच्या दुकानातही मिळतो. तो अपुरा आहे. त्यावर विसंबून लोक पुन्हा पुन्हा अलाइनमेंट करतात आणि गाडी टायर खातच राहते.

अलाइनमेंटमध्ये जुळवतात ते टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे-पुढे कल) हे कोन सस्पेन्शनचे असतात. हबवर, म्हणजे चाक नटांनी ज्यावर बसते त्या भागावर, १५ इंची रिम चढवा की १७ इंची, हब जिथे होता तिथेच आणि तितकाच कललेला राहतो. रिमबरोबर बदलतात त्या चार गोष्टी: चाकाचा घेर, टायरची रुंदी, टायरच्या भिंतीची उंची आणि चाक हबपासून किती बाहेर आले ते. अलाइनमेंटच्या पडद्यावर ‘सगळे हिरवे’ (सगळे कोन मर्यादेत) दिसते तेव्हा या चारांचा त्यात हिशेबच नसतो.

घेराचे गणित कागदावर होते. टायरवर १८५/६५ आर१५ असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५, वरची-खालची मिळून २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१. व्यास झाला ६२१.५ मिलिमीटर. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर व्यास ६२०.९ येतो, फरक नावापुरता. पण ‘जरा भरलेला दिसेल’ म्हणून १९५/६० घेतला की ६४०.४ होतो, म्हणजे ३ टक्के जास्त. पूर्वी काटा १०० वर असताना गाडीचा जो वेग होता, तो आता काटा तिथेच असताना ३ टक्क्यांनी जास्त असतो. शिवाय चाकावरच्या कमानीतली जागा साडेनऊ मिलिमीटरने घटते. मग स्टेअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर, आणि गाडी भरली की मागचा, लायनरला (कमानीच्या आतल्या अस्तराला) घासू लागतो. त्याची खूण सोपी आहे: टायरच्या खांद्यावर (नक्षीच्या कडेला) चकचकीत पट्टा आणि लायनरवर त्याच्या समोरच तसाच पट्टा. अलाइनमेंटचा इथे काही संबंध नाही.

खरा घोळ ऑफसेटमध्ये होतो, आणि रिम निवडताना रंग नि डिझाइन पाहणारे नेमके तेच पाहत नाहीत. रिमवर ईटी ४५, ईटी ३५ असे कोरलेले असते. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. आकडा लहान झाला की चाक बाहेर येते. मूळचे ६ इंच रुंद, ईटी ४५ असलेले रिम काढून ७ इंच रुंद, ईटी ३५ बसवले तर बाहेरची कड रुंदीमुळे १२.७ आणि ऑफसेटमुळे १० अशी २२.७ मिलिमीटर बाहेर सरकते. आतल्या बाजूला फक्त २.७ मिलिमीटर वाढतात. म्हणून आत स्ट्रटला (शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाला) काही लागत नाही, ‘व्यवस्थित बसले’ असे वाटते आणि गोष्ट तिथेच सोडली जाते.

चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो खाली वाढवला तर जमिनीला एका ठिकाणी मिळतो. तिथपासून टायरच्या टेकणाऱ्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर कारखान्यात विचारपूर्वक ठरवलेले असते. ऑफसेट १० मिलिमीटरने घटला की पट्टा तेवढाच बाहेर जातो. रस्त्याची ओढ, ब्रेकचा जोर, खड्ड्याचा धक्का हे सगळे आता लांब दांड्याने काम करतात. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश थोडे थकलेले असतील तर चाक धावताना त्यांतल्या रबरात मागे दबते आणि टो उघडतो, म्हणजे चाक पुढून बाहेर वळते. गाडी थांबली की तो जागेवर येतो. मशीन थांबलेल्या गाडीचे माप घेते, त्यामुळे छापील कागद निर्दोष आणि टायर आतून खाल्लेला, असे चित्र दिसते. बुशचा हा दोष आधीपासून असतो. जुन्या रिमवर तो झाकलेला असतो, इतकेच.

टो किती महाग पडतो ते पाहा. एका चाकाचा टो ०.१५ अंशाने चुकला असेल, तर ते चाक दर किलोमीटरला साधारण २.६ मीटर आडवे फरफटते. उंच भिंतीचा टायर त्यातले काही वाकून सोसतो. रुंदीच्या ५० किंवा ४५ टक्के भिंतीचा टायर ताठ असतो, तितक्याच चुकीला तो जास्त जोराने विरोध करतो आणि ते घर्षण सगळे रबरावर येते. कॅम्बरचेही तसेच. चाक आत जितके झुकलेले होते तितकेच राहिले तरी पट्टा रुंद झाल्यामुळे आतल्या खांद्यावर भार वाढतो. थोडक्यात, मूळ टायरला चालून जाणारी चूक रुंद, बुटक्या टायरला चालत नाही.

झीज वाचायला उपकरण लागत नाही, तळहात पुरतो. पुढचे चाक पूर्ण वळवा, म्हणजे आतला खांदा दिसेल. बहुतेक जण फक्त बाहेरची बाजू पाहून समाधान मानतात. मग टायरच्या नक्षीवर आडवा हात फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखे लागले तर दोष टोचा. आत नेताना गुळगुळीत आणि बाहेर आणताना टोचत असेल तर टो-इन (चाक पुढून आत) जास्त, उलट असेल तर टो-आउट (पुढून बाहेर). एकच खांदा झिजलाय पण हाताला दोन्हीकडून सारखाच लागतो, तर कॅम्बर तपासा. दोन्ही खांदे गेले असतील तर हवा कमी, फक्त मध्य गेला तर हवा जास्त. जागोजाग वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे वळावे.

आता हवा. दाराच्या खांबावरचा हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो. १८५/६५ आर१५ वर भारांक ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर१६ अनेकदा ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५. मोठे रिम म्हणून क्षमता वाढली असे नाही, उलट घटली. भारांक मूळ आकड्याच्या खाली जाता कामा नये. त्यासाठी एक्सएल (जास्त भाराचा) टायर घेतला, तर त्याचा पूर्ण भार सुमारे ४२ पीएसआयला मोजलेला असतो, साध्या टायरचा सुमारे ३६ ला. एक्सएलमध्ये जुन्याच आकड्याने हवा भरणे म्हणजे टायर उपाशी चालवणे. काही पीएसआय वाढवावे लागतात. दोन्ही खांद्यांची झीज अशा गाड्यांत दिसते आणि दोष पुन्हा अलाइनमेंटला दिला जातो.

हबच्या मधल्या भोकाचेही पाहून घ्यावे. बाजारातल्या अनेक रिमचे भोक ७३.१ मिलिमीटरचे असते, जेणेकरून ते पुष्कळ गाड्यांना चालावे. हब ५४.१ चा असेल तर मधली पोकळी रिंग घालून भरावी लागते. रिंग नसेल तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यात येते, किंवा येत नाही. बॅलन्सिंगचे मशीन चाक त्याच्या भोकाला धरून फिरवते, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना शून्य येते आणि हमरस्त्यावर स्टेअरिंग मात्र थरथरते. नटांचे बूड रिमच्या खोबणीशी जुळले पाहिजे: ६० अंशांच्या शंकूला शंकू, गोल बुडाला गोल. ४ गुणिले १०० च्या (४ नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) हबवर ४ गुणिले ९८ चे रिम जोर लावून बसते, पण ते कधीही चालवू नये. नट टॉर्क पान्यानेच आवळावेत. लहान गाड्यांना बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळावेत.

एवढे झाल्यावर अलाइनमेंट. आधी चारही टायरांत हवा सारखी करा, चाके अधांतरी करून टाय रॉड एंड व बॉल जॉइंट हे सांधे आणि लोअर आर्मचे बुश यांत प्ले (ढिलेपणा) आहे का ते लिव्हर लावून पाहा. प्ले असेल तर तो भाग बदलल्याशिवाय मशीनवर चढण्यात अर्थ नाही. अलॉय रिमच्या कडेवर मशीनचा क्लॅम्प सपाट बसत नाही, म्हणून रनआउटची (चाक फिरताना मापात येणाऱ्या डगमगीची) भरपाई करणे आवश्यक असते. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. टर्नप्लेटच्या (पुढची चाके ज्यांवर टेकतात त्या फिरत्या तबकड्यांच्या) पिना काढलेल्या हव्यात. मागची चाके आधी, पुढची नंतर, कारण पुढचा टो मागच्या चाकांच्या दिशेला धरूनच लावायचा असतो. अनेक लहान गाड्यांत मागचा अक्ष जोडबीमचा (दोन्ही चाके जोडणाऱ्या एकाच आडव्या तुळईचा) असतो आणि तिथे काही हलवता येत नाही, तरी माप घ्यायला हवे.

टो मिलिमीटरमध्ये लावून घेऊ नका, अंश-मिनिटांत मागा. १५ इंची रिमवर २ मिलिमीटर म्हणजे १८ मिनिटे. १७ इंचीवर तोच कोन २.२७ मिलिमीटर होतो. मशीनमध्ये जुन्याच रिमचा व्यास राहिला तर आकडा बरोबर आणि कोन चूक. काम संपल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद घ्यावा. हिरव्या पट्ट्यांवरून काही कळत नाही. काही गाड्यांत त्यानंतर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो.

मग नक्षीची खोली मोजायचा गेज घेऊन प्रत्येक टायरवर आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी माप लिहून ठेवावे. २,००० किलोमीटरनंतर आतल्या आणि बाहेरच्या झिजेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसला तर दुसऱ्यांदा अलाइनमेंट करू नये, बुश पुन्हा पाहावेत. ते ठीक निघाले तर मूळ ऑफसेटचे रिम शोधावे.

कळावे,
एक वाचक