पाटे काढायच्या आधी

प्रिय मित्रा,

जुनी पिकअप रिकामी असली की खड्ड्यात मागून लाथ घालते, म्हणून मागच्या कमानीतले (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधले) दोन पाटे, म्हणजे दोन पट्ट्या, काढून टाकणार म्हणतोस. थांब जरा. हा उद्योग मी करून बसलोय. आठवडाभर खूश होतो. मग मागे सामान भरलं आणि खड्ड्याखड्ड्याला ॲक्सल (चाकांचा दांडा) बंप स्टॉपवर, म्हणजे वरच्या रबरी अडसरावर, धाडधाड आदळायला लागला. त्यापेक्षा आधीची लाथ परवडली!

त्यात मी शहाणा, काढला तो जाड पाटा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 8 मिमीचा एक पाटा 6 मिमीच्या दोन पाट्यांपेक्षाही भारी.

खरं दुखणं वेगळंच निघालं. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. कमान दबताना पाटे एकमेकांवरून सरकायला हवेत. ते अडले की छोट्या धक्क्याला कमान हलतच नाही, सगळा मार आपल्या कमरेला. तेव्हा आधी गठ्ठा सोडव. चॅसिस भक्कम स्टँडवर टेकव, आणि सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढण्याआधी गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळ, नाहीतर दाबलेले पाटे उसळून हात फोडतील. गंज वायर ब्रशने काढ. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्याच्या पोटात खाच पाडलेली दिसेल, ती घासून गुळगुळीत कर. मधे ग्राफाइट ग्रीस लाव. कच्च्या रस्त्यावर ग्रीस धूळ धरतं, तिथे टोकांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या बऱ्या.

कमानीच्या टोकांच्या भोकांतले रबरी बुश नवे टाकशीलच. पण गाडी टांगलेली असताना त्यांचे बोल्ट आवळू नकोस. चाकं जमिनीवर टेकली, वजन बसलं, की मग आवळ. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॅकल (कमानीचं एक टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) अडकत नाही ना, तेही तेव्हाच बघ.

शॉकॲब्सॉर्बरवाला सगळ्यात कडक जोडी गळ्यात मारेल. घेऊ नकोस. वजन पाटे पेलतात, शॉकॲब्सॉर्बरचं काम फक्त डोलणं थांबवायचं.

आणि हो, मागच्या टायरमधली हवा आजच तपास. पूर्ण भाराची हवा भरून तू रिकामी गाडी फिरवत असशील, अशी मला दाट शंका आहे. रिकामी असताना थोडी कमी ठेव, भरताना आठवणीने वाढव.

गठ्ठा सुटला की पाटे किती, प्रत्येकाची जाडी किती, लिहून कळव. तोवर एकही पाटा भंगारात टाकू नकोस. माझा टाकलेला परत मिळाला नाही.

तुझाच,
जुना गाडीवेडा