बटरहेड घरीच लावायला हवं

नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

थंडीत गच्चीवर काय लावू, असं विचारलं होतंस. मेथी-पालक तुझ्याकडे दरवर्षी होतोच. यंदा बटरहेड लेट्यूस लाव, म्हणजे सॅलडच्या मऊ पानांचा सैल गड्डा. आग्रहाने सांगतोय, कारण ही भाजी खरी घरच्या कुंडीतलीच. आइसबर्ग या दुसऱ्या लेट्यूसचा गड्डा घट्ट असतो, तो ट्रकमधून लांबवर जातो. बटरहेडचं पान इतकं कोवळं की क्रेटमध्ये जरा दाबलं तरी काळं पडतं. म्हणून मंडईत ते क्वचितच दिसतं, आणि मॉलमध्ये डबीत मिळतं त्याची किंमत बघून हात मागे येतो.

याची बिब नावाची प्रसिद्ध जात अशीच घरगुती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फ्रँकफर्ट गावी जॉन बिब यांनी ती आपल्या बागेत वाढवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली. बाजारात ती फार उशिरा आली. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यातूनच बटरक्रंच तयार झाली. ती ऊन थोडं जास्त सोसते, म्हणून तुझ्या नागपूरसाठी तीच निवडलीय.

आता पेरणी, कारण खरी मेख तिथेच आहे. बी मातीत खोल गाडू नकोस. वर भुरभुरव, बोटाने हलकं दाब, बस. लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याच बियांवर प्रयोग केले. लाल प्रकाश दाखवला की बी उगवायचं, त्याच्या पुढचा अतिलाल दाखवला की झोपायचं. आलटून पालटून कितीही वेळा दाखवा, शेवटचा झोत कोणता त्यावर सगळं ठरायचं. वनस्पतींना उजेड कसा कळतो, याचा धागा या इवल्याशा बियांनी हाती दिला. मला तर पेरताना दरवेळी याचं अप्रूप वाटतं.

दुसरी अडचण उष्म्याची. माती तापलेली असली की बी रुसून बसतं, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात घाई नको. तरीही उकाडा वाटला तर ओल्या फडक्यात गुंडाळून दोनेक दिवस फ्रिजमध्ये ठेव आणि संध्याकाळी पेर.

कुंडी सहा-आठ इंच खोल पुरते, पण पसरट हवी. माती, गांडूळखत, थोडं कोकोपीट. दोन रोपांत वीतभर अंतर ठेव. दाटीतली रोपं उपटून खाऊन टाक, तीही गोडच लागतात. मुळं वरच्यावर असतात, म्हणून पाणी थोडं पण नेमाने दे. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की आतल्या पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि मिटलेल्या आतल्या पानांपर्यंत ते नीट पोचत नाही. मावा पडला तर पानांच्या खालून पाण्याचा फवारा मार. खायच्या पानांवर औषध मला पटत नाही.

दोन महिन्यांत गड्डा भरतो. तोड भल्या पहाटे, पानं तेव्हा ताठ असतात. फेब्रुवारीत ऊन चढलं की मधून दांडा उभा राहतो, पानात चीक वाढतो आणि कडवटपणा येतो. तेव्हा मोह न धरता त्याआधीच काढून घे.

खायचं कसं? पानं सुरीने कापू नकोस, हाताने तोड. लिंबू, मीठ, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर. फोडणी घालायची तर पूर्ण गार करून, ताटात वाढताना. गरम फोडणीने पान तिथल्या तिथे मरतं.

सोबत बियांची पुडी आहे. अर्धं बी नोव्हेंबरच्या मध्यावर पेर, उरलेलं डबीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेव आणि तीन आठवड्यांनी पेर, म्हणजे सगळे गड्डे एकदम तयार होणार नाहीत. उगवलं की कळव. काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
श्री