बोक्याला पोत्यात घालण्याआधी

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका बोक्याच्या पोटात पाणी झालं. डॉक्टर ‘मांजरांतला कोरोना’ म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर तेवढा एकच शब्द फिरला. दुसऱ्या दिवशी बोक्याला पोत्यात घालून येलदरीच्या रस्त्याला सोडून दिलं. मांजरांचा हा कोरोना विषाणू निराळा. कोविडच्या कितीतरी आधीपासून तो मांजरांत आहे आणि माणसाला लागत नाही. एवढं कुणी त्या घरात नीट समजावलं असतं, तर आजारी मुका जीव असा टाकला गेला नसता.

मला हे फार लागलं, कारण एप्रिल २०२१ मध्ये ही वेळ आमच्यावर आली होती. आधी ह्यांना कोरोना झाला, चार दिवसांनी मला. आमची मांजर चिंगी लहानपणापासून ह्यांच्या पायथ्याशी झोपणारी. दार लावलं की रात्रभर ओरडायची, म्हणून मीच दार उघडं ठेवलं. आठवडाभरात ती शिंकायला लागली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, दुधाला तोंड लावेना. शेजारचे भिंतीवरून म्हणाले, “आधी ते मांजर घालवा, त्याच्यानंच पसरतंय.” एका दवाखान्यात फोन केला, तर तिकडून “इथं आणू नका” एवढंच उत्तर आलं. तिची तपासणी झालीच नाही, म्हणून तिला कोविडच होता असं मी म्हणणार नाही. आठ-दहा दिवसांत ती आपसूक बरी झाली.

पुढं लेकीनं माहिती वाचून दाखवली तेव्हा जीव कासावीस झाला. २०२० मध्ये वुहानमधल्या १०२ मांजरांचं रक्त तपासलं, त्यांतल्या १५ मांजरांत कोविडच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली. सगळ्यांत जोरदार कुणात, तर ज्यांचे मालक कोविडचे रुग्ण होते अशा तीन मांजरांत. आम्ही घरात खोकत होतो त्याच दिवसांच्या आगेमागे, मे २०२१ मध्ये, हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह बाधित निघाले. पिंजऱ्याबाहेर न पडणाऱ्या सिंहांना तो माणसांकडूनच लागला असणार. उलट्या बाजूचंही सांगते. थायलंडमध्ये तपासताना मांजर तोंडावर शिंकलं आणि पशुवैद्य असलेल्या बाई आजारी पडल्या, अशी नोंद आहे. पण असं क्वचितच घडलं. बहुतेक वेळा माणसाकडून मांजराला, अशीच त्याची वाट होती. आम्ही मात्र चिंगीलाच गुन्हेगार धरलं होतं.

तेव्हा आमच्या आशाताई रोज उन्हात दारात यायच्या. ऑक्सिजन मोजायच्या, साखर, बीपी, म्हातारी माणसं, सगळं विचारायच्या. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यांच्या हातातल्या कागदावर ‘घरात मांजर-कुत्रं आहे का’ हा प्रश्नच नव्हता. तो असता तर आजारी माणसानं त्याला मांडीवर घेऊ नये, ताटातलं उष्टं घालू नये, दूधभाकर घरातल्या धडधाकट माणसानं द्यावी आणि तेवढे दिवस त्याला बाहेर हिंडू देऊ नये, हे आम्हाला वेळेवर कळलं असतं. ह्यांच्या ताटातला भातच मी तिला घालत होते.

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या जाणकारांनी मांजरांतला कोरोना आणि माणसांतला कोविड या दोन्ही आजारांतला फरक सांगणारं साध्या मराठीतलं एक पान तयार करावं आणि ते तालुक्याच्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात भिंतीवर लावावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पुढं कुठलीही साथ आली, तर घरोघरच्या पाहणीत तो एक प्रश्न घालावा.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
जिंतूर, जि. परभणी